थोडक्या खर्चात जुना क्रॉलर : प्रस्तावना

रेडिओ-नियंत्रित क्रॉलर ही खऱ्या जीपची किंवा ट्रकची, बहुधा एक-दशांश मापाची, अशी प्रतिकृती असते की जिच्याकडून वेगाची अपेक्षा नसते. दगडधोंडे, ओढ्याचा काठ आणि उभा चढ तोल न जाऊ देता, जवळजवळ रांगत पार करणे एवढेच तिचे काम असते. या एका अपेक्षेमुळे तिची सगळी रचना शर्यतीच्या गाडीहून निराळी होते. मोटरच्या साधारणतः ३० ते ४५ फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा व्हावा इतकी गती गिअरांच्या साखळीतून उतरवली जाते, आणि गती जितकी उतरते तितके चाकाचे बळ वाढते. ही ताकद चारही चाकांपर्यंत पोहोचवली जाते. शिवाय वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक फिरू देणारी डिफरन्शियल नावाची जी जोडणी मोटारगाडीत असते, ती येथे बहुधा कायमची जखडून टाकलेली असते, जेणेकरून एक चाक हवेत लोंबकळत असले तरी त्याच ॲक्सलवरचे दुसरे चाक दगडावरची पकड सोडत नाही. रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढताना चालक पायाने दाबतो तो डिफ-लॉक येथे कायमचाच दाबलेला असतो, एवढे सांगितले की नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात या रचनेचे आणखी स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय नवा क्रॉलर विकत घेणे हा नसून, कोणीतरी हौसेने घेतलेला, काही दिवस चालवलेला आणि नंतर माळ्यावर टाकून दिलेला क्रॉलर अल्प पैशात पुन्हा चालता करणे हा आहे. या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन असे की, अशा दुरुस्तीचा खर्च गाडी किती बिघडली आहे यावर जितका ठरतो, त्याहून अधिक ती कोणत्या क्रमाने तपासली यावर ठरतो. पडून राहिलेल्या यंत्रात खरोखर तुटलेले भाग थोडे आणि अडलेले, सुकलेले, गंजलेले भाग पुष्कळ असतात. त्यांची ओळख पटण्याआधीच सुटे भाग मागवले गेले, तर स्वस्तात घेतलेली गाडी नव्यापेक्षा महाग पडते. पुढील प्रकरणांची मांडणी म्हणूनच सुट्या भागांच्या क्रमाने न करता तपासणीच्या क्रमाने केली आहे.

विषयाचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. तारेवाचून दूरच्या वस्तूला हालचाल देता येते, हे जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात विद्युत्‌लहरींनी घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवले, तर निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ-लहरींवर चालणारी लहान नौका लोकांसमोर चालवली. हा प्रयोग घरोघरच्या छंदापर्यंत यायला पाऊणशे वर्षे लागली. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली आणि १९८१ मध्ये धातूची चौकट, पानपट्ट्यांचे सस्पेन्शन व तीन गिअर असलेला टोयोटाचा, चारही चाकांना ताकद मिळणारा पिकअप काढला. आजच्या प्रतिकृतिप्रधान क्रॉलरचा पूर्वज म्हणून या पिकअपकडे बोट दाखवणे रास्त ठरेल. केवळ खडक चढण्यासाठी कारखान्यातच घडवलेल्या गाड्यांचा प्रसार मात्र नंतरचा आहे. अमेरिकेतील ॲक्सियल कंपनीचा एएक्स-१० हा २००७ चा, आणि चाकाजवळच्या जादा गिअरांमुळे ॲक्सल जमिनीपासून उंच उचलणारी, ‘पोर्टल’ म्हणून ओळखली जाणारी रचना लोकप्रिय करणारा ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४ हा २०१७ चा. याच सुमारास डब्ल्यूपीएल व एमएन या चिनी बनावटीच्या लहान व स्वस्त गाड्या आल्या, आणि भारतात जुन्या म्हणून विकायला निघणाऱ्या गाड्यांत त्यांचा भरणा मोठा आहे.

भारतात जुन्या गाडीला महत्त्व का आले, याचे एक कारण करव्यवस्थेत आहे. आयात खेळण्यांवरील मूलभूत सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण आणि मुलांच्या सुरक्षिततेची हमी हे या निर्णयांचे उद्देश योग्यच आहेत, परंतु त्यांचा एक परिणाम असा की, परदेशी क्रॉलर मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर गेला आणि जे आधी देशात येऊन पडले होते त्यांची किंमत वाढली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक भाग मिळतात, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अर्धवट गाड्या व मोटरी हाती लागतात, आणि नंदुरबारच्या माणसाला सुरत–भुसावळ लोहमार्गामुळे सुरतेची बाजारपेठ मुंबई-पुण्यापेक्षा जवळची आहे. तरीही या पुस्तकाचा भर बाजारावर नाही, कारण ज्या कौशल्यांची दुरुस्तीला गरज लागते ती गावाच्या दहा-पंधरा कोसांच्या आत आधीच नांदत आहेत.

हे विधान अधिक स्पष्ट करणे आवश्यक आहे. शेतीपंपाची जळालेली मोटर भरून देणारा कारागीर तांब्याच्या तारेचे वेढे, वार्निश आणि शॉर्ट सर्किट यांची भाषा जाणतो. मिक्सरचे आणि ड्रिल मशीनचे कार्बन बदलणारा माणूस क्रॉलरची ब्रश असलेली मोटर पाहताक्षणी ओळखतो, कारण दोन्हींचे तत्त्व एकच आहे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे बारीक टोकाचे सोल्डरिंग आणि मल्टिमीटर असतेच. आणि ट्रॅक्टरच्या मेस्त्रीला क्राउन-पिनियनच्या दातांमध्ये किती फट असावी हे बोटांनी कळते. क्रॉलरमध्ये या चौघांचे ज्ञान वीतभर जागेत एकत्र येते. खेडेगावात असा छंद परका आहे हा समज त्यामुळे टिकत नाही. परकी आहे ती केवळ त्याची किंमत, आणि ती खाली आणण्याचा मार्ग दुरुस्ती हाच आहे.

चालवण्याच्या जागेचा विचार केला तर नंदुरबार जिल्हा अशा गाडीसाठी अतिशय अनुकूल आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर साचत असताना काही शिलारस जमिनीतील उभ्या भेगांत शिरून तेथेच थिजला. अशा शिलाभित्तींना भूशास्त्रात डाइक म्हणतात, आणि नंदुरबार–धुळे परिसरातील डाइकांचा समूह भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा प्रसिद्ध विषय आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर या भिंती लांबच लांब, अरुंद टेकड्यांच्या रूपाने उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या माथ्यावर व उतारावर फुटलेल्या कोनाकोनी दगडांचा सडा पडलेला दिसतो. परदेशातील हौशी मंडळी अंगणात दगड रचून जो चढ तयार करतात, तो येथे फुकट आहे. उलट बाजू अशी की, तापी खोऱ्यातील काळी माती ओली असताना फुगते व चिकटते आणि वाळल्यावर आकसून दगडासारखी होते. ती बेअरिंगमध्ये किंवा ॲक्सलच्या टोकाशी शिरून वाळली तर चाक जाम करते. पावसाळ्यात चालवून न धुता ठेवलेली गाडी दिवाळीपर्यंत निकामी दिसू लागते, पण बहुतेक वेळा ती निकामी झालेली नसते.

यावरून उपेक्षा म्हणजे नेमके काय, या प्रश्नाकडे वळता येते. पडून राहिलेल्या गाडीत एकाच वेळी निरनिराळ्या रासायनिक आणि यांत्रिक क्रिया चालू असतात आणि त्यांचा वेग सारखा नसतो. उपेक्षेचा पहिला थर साठवलेल्या विजेचा, कारण सर्वांत आधी बळी पडते ती तीच. हातातल्या ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या यंत्रात, विसरलेले पेन्सिल सेल फुटतात आणि स्प्रिंगांवर पांढरी भुकटी जमते. गावात बॅटरीवरची भुकटी म्हटली की खाण्याचा सोडा आठवतो, कारण ट्रॅक्टरच्या बॅटरीतून गळते ते आम्ल असते. अल्कलाइन सेलमधून गळते ते मात्र पोटॅशियमचे अल्क आहे, म्हणून येथे सोडा निरुपयोगी ठरतो आणि व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेला कापूस लागतो. त्यानंतर स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवले आणि स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासली, तर मृत समजला गेलेला ट्रान्समीटर पुष्कळदा जिवंत होतो. हे काम सर्वांत आधी करावे, कारण ट्रान्समीटर हरवलेला किंवा खरोखर बिघडलेला असेल तर व्यवहाराचे सगळे गणित बदलते: २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर चालणारा प्रत्येक कंपनीचा संच बहुधा आपल्याच रिसीव्हरशी, म्हणजे गाडीतील संदेश झेलणाऱ्या भागाशी, जुळतो, त्यामुळे एक गेला की जोडीच घ्यावी लागते. या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना भारतात २००५ पासून परवान्याची गरज उरलेली नाही, म्हणून नवी जोडी घेण्यात कायद्याची अडचण येत नाही. अडचण येते ती पैशाची.

दुसरा थर वंगणाचा आणि बेअरिंगचा. जुने ग्रीस तेल सोडते, मागे मेणासारखा गोळा राहतो आणि त्यात धूळ अडकून सहाणेवर उगाळल्यासारखी झीज होते. अशा गाडीला पुन्हा ग्रीस लावणे म्हणजे घाणीत भर घालणे होय. गिअरपेटी उघडून धातूचे भाग रॉकेलने धुवावेत, वाळवावेत आणि मगच नवे ग्रीस अल्प प्रमाणात लावावे. येथे एक सक्त इशारा द्यावा लागतो: गाडीचे वरचे कवच पारदर्शक असेल तर ते बहुधा पॉलिकार्बोनेटचे असते आणि त्याला आतून रंग दिलेला असतो, पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन लागल्यास ते तडकते, म्हणून त्याला साबणाच्या पाण्यापलीकडे काहीही लावू नये. स्वस्त गाड्यांत बेअरिंगच्या जागी पितळी किंवा प्लास्टिकचे बुश, म्हणजे नुसते गुळगुळीत कडे, बसवलेले असते, आणि ते अंडाकृती झिजले की दांडा डुगडुगतो व गिअरांचे दात चुकीच्या खोलीवर जुळतात. अशा ठिकाणी बेअरिंग बसवणे हा खर्च टाळू नये. ५ × ११ × ४ आणि १० × १५ × ४ मिलिमीटर यांसारखी प्रचलित मापे बेअरिंगच्या सामान्य दुकानातही मिळू शकतात. ‘आरसी’चा शिक्का असलेल्या पाकिटासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. व्हर्निअर कॅलिपरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून कागदावर लिहून नेणे एवढे पुरते.

तिसरा थर प्लास्टिकचा आणि रबराचा. नायलॉनचे भाग हवेतील ओलावा शोषून लवचीक राहतात. खानदेशच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छताखाली, तो ओलावा निघून जातो आणि आघाताबरोबर भाग काडकन मोडतो. म्हणून जुन्या गाडीचे नायलॉनचे दांडे व सांधे आधी कोमट पाण्यात बराच काळ भिजवावेत, मगच ती दगडावर न्यावी. टायरांचे रबर कडक झाले असेल तर त्यावर कोणताही घरगुती उपाय टिकाऊ ठरत नाही. तेल चोळल्याने ते काळेभोर दिसते, पण पकड आणखी कमी होते. क्रॉलरचे सगळे कौशल्य टायर दगडाच्या कंगोऱ्याला किती बिलगतो यावर उभे असल्याने, तडकलेले टायर बदलणे अटळ असते. टायर रिमला चिकटवलेले असतील तर उकळत्या पाण्याने गोंद सैल पडतो आणि रिम वाचते. स्क्रूने आवळणाऱ्या, ‘बीडलॉक’ प्रकारच्या रिमा असतील तर तेवढाही खटाटोप लागत नाही.

चौथा थर विजेच्या मार्गाचा. ब्रश असलेल्या मोटरीत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्याच्या कड्यावर, म्हणजे कम्युटेटरवर, स्प्रिंगने दाबलेले असतात, आणि पडून राहिल्यावर त्या तांब्यावर काळपट थर चढतो. मोटर हाताने फिरवून पाहावी; ती फिरत असेल तर पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचे लहान गिअर, सोडवून मोटर एकटी कमी दाबाच्या विजेवर थोडा वेळ चालवावी. पिनियन सोडवण्यामागचा हेतू महत्त्वाचा आहे: मोटर एकटी नीट फिरते आणि जोडल्यावर अडते, असे आढळले तर दोष गिअरपेटीत आहे, ती एकटीही अडखळते, तर दोष मोटरीत आहे. बदली मोटर घ्यावी लागलीच तर क्रॉलरसाठी जास्त वेढ्यांची, ३५ किंवा ५५ टर्नची, घ्यावी, कारण वेढे जास्त असले की फेरे मंदावतात, वीज कमी खेचली जाते आणि हळू चालण्यातला संयम येतो. मोटरीच्या वेगावर ताबा ठेवणाऱ्या स्पीड कंट्रोलरमध्ये ‘ड्रॅग ब्रेक’ची सोय आहे का, हेही याच वेळी तपासावे, बोट सोडताच मोटरीला जागच्या जागी धरून ठेवणारी ही सोय नसेल तर उतारावर गाडी घरंगळते, आणि मग ती कितीही चकचकीत केली तरी क्रॉलर म्हणून उपयोगाची राहत नाही. पुढची चाके वळवणारी सर्व्हो ही मोटर दगडात अडकलेल्या चाकाशी सतत झुंजत असते, त्यामुळे तिचे प्लास्टिकचे दात तुटलेले सापडणे ही जुन्या गाडीतील नित्याची गोष्ट आहे. धातूच्या दातांची, १५ ते २० किलोग्रॅम-सेंटिमीटर बळाची सर्व्हो बसवणे हा या पुस्तकाच्या मते पैशाचा उत्तम विनियोग होय.

याउलट ॲल्युमिनियमचे रंगीत दांडे, छतावरचे दिवे, दोरी ओढणारी विंच आणि सुटी चाके यांवरचा खर्च शेवटी येतो आणि बहुधा येतच नाही. पुष्कळ नवशिके नेमका उलटा मार्ग धरतात, कारण चमकणारा भाग लगेच दिसतो आणि बेअरिंग दिसत नाही. खर्चाचा क्रम असा धरावा: आधी सुरक्षित बॅटरी व चार्जर, मग बेअरिंग, मग सर्व्हो, मग टायर, मोटर चालत असेल तर ती तशीच ठेवावी. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आणण्यासाठी पितळी वजने विकत मिळतात, तथापि पुढच्या चाकांच्या आत गुंडाळलेली शिशाची पट्टी तेच काम करते. शिसे विषारी असल्याने ते टेपने पूर्ण झाकावे, हात धुवावेत आणि लहान मुलांकडून हे काम करवू नये. स्क्रूंच्या बाबतीत मात्र काटकसर अंगलट येते: १.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या चांगल्या पोलादी ॲलन की नसतील तर गंजलेल्या स्क्रूचे डोके गोल होते आणि दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होऊन बसते.

बॅटरीविषयी स्वतंत्र प्रकरण असले तरी येथेच काही गोष्टी ठामपणे सांगणे आवश्यक वाटते. जुन्या गाडीबरोबर बहुधा दोन प्रकारांपैकी एक बॅटरी येते. निकेल-मेटल हायड्राइडचा सहा सेलांचा, ७.२ व्होल्टचा संच पडून राहिल्याने अशक्त होतो, पण सावकाश चार्ज-डिस्चार्ज केल्यावर काही अंशी सावरू शकतो. लिथियम-पॉलिमर, अर्थात लिपो, बॅटरीला ही मुभा नाही. तिचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो, साठवणीत तो ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा लागतो, आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याच्या आत न सावरणारे बदल होतात. फुगलेली किंवा खोल उतरलेली लिपो पुन्हा चार्ज करून पाहणे म्हणजे घरात आगीला आमंत्रण देणे होय. स्वस्तात मिळाली म्हणून ती वापरू नये. मे महिन्यात या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत लिपो ठेवू नये, आणि चार्जिंग चालू असताना माणूस जवळ असावा. निकेलसाठी लावलेल्या स्पीड कंट्रोलरवर लिपो जोडताना कंट्रोलरचा लहान जंपर योग्य जागी आहे याची खातरी करावी, नाहीतर बॅटरी खोल उतरेपर्यंत कंट्रोलर तिला थांबवत नाही. बाद झालेली बॅटरी चुलीत, उकिरड्यावर किंवा विहिरीत न टाकता अधिकृत संकलनात द्यावी. २०२२ च्या ई-कचरा आणि बॅटरी-कचरा नियमांनी उत्पादकांवर तशी जबाबदारी टाकली आहे, आणि ई-कचऱ्याच्या नियमांत खेळण्यांचाही समावेश आहे.

हाताने करून शिकणे ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला तो, शाळेतून बाहेर फेकल्या गेलेल्या मुलांनाही प्रत्यक्ष कामातून विज्ञान शिकता येते, या विश्वासावर. आणि पुढे अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे उभी राहिलेली फॅब लॅब, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांनी वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, ही त्या संस्थेबाहेरच्या जगातील पहिल्या काही प्रयोगशाळांत गणली जाते. त्या परंपरेत जुना क्रॉलर हे एक साधन म्हणून चांगले बसते. गिअरांचे गुणोत्तर, विद्युत्‌दाब आणि प्रवाह, घर्षण, गुरुत्वमध्य, रेडिओ-लहरी हे विषय पाठ्यपुस्तकात निरनिराळ्या धड्यांत विखुरलेले असतात. येथे ते एकाच चढावर एकदम कामाला लागतात, आणि चढ चुकला की कोणता धडा चुकला हे शोधावेच लागते. जिल्ह्यातील आश्रमशाळा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतील शिक्षकांनी एखादी भंगारातली गाडी वर्गात आणून पाहावी, अशी या पुस्तकाची त्यांना विनंती आहे.

मर्यादाही नमूद करावयास हव्यात. ज्या गाडीची चौकट वाकली आहे, ॲक्सलचे घर फुटले आहे आणि जिच्या कंपनीचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, ती दुरुस्त करण्यापेक्षा भागांसाठी ठेवणे शहाणपणाचे. अशी एक गाडी दुसरीला जगवते. संग्रहासाठी मूळ रूपात जतन करण्याजोग्या दुर्मीळ गाड्यांचा विचारही येथे केलेला नाही, कारण तेथे पितळी बुश काढून बेअरिंग घालणेसुद्धा आक्षेपार्ह ठरते.

वाचकाने हे पुस्तक हातात घेऊन व्यवहार करावा, अशी अपेक्षा आहे. विकणाऱ्याकडे जाताना भरलेली, सुस्थितीतील एक बॅटरी, चार नवे पेन्सिल सेल आणि एक ॲलन की सोबत न्यावी. गाडी उचलून चारही चाके हाताने फिरवावीत, पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळतात का ते पाहावे, खालची माती किती जुनी आहे ते नखाने खरवडून बघावे, आणि मगच किंमत बोलावी. बॅटरीसह चालू आहे असे सांगितले गेले आणि चालवून दाखवण्यास नकार मिळाला, तर ती गाडी बंद आहे असे धरूनच पैसे द्यावेत.